‘माझं कॅरेक्टरच तसं आहे’ : अलाइनमेंटचं करायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (टेबलाभोवती बसून एकेकानं एकेक कॅरेक्टर वठवत गोष्ट रचायचा खेळ) नवं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट, चार सेशन झालीत, तुम्ही पहिल्यांदाच डीएम, म्हणजे खेळ चालवणारे डंजन मास्टर. एकाचं कॅरेक्टर केऑटिक न्यूट्रल (बेबंद, ना चांगला ना वाईट) चोर. सोबती झोपले की तो त्यांच्या पिशव्यांतून सोनं काढतो आणि कुणी विचारलं की म्हणतो, ‘मी काय करू, माझं कॅरेक्टरच तसं आहे.’ दुसरा लॉफुल गुड (नियमानं चालणारा, सज्जन) पॅलाडिन, म्हणजे व्रतस्थ योद्धा. तो प्रत्येक बेतात आडवा येतो, आणि त्याचंही उत्तर तेच. गेल्या वेळी खेळ अर्ध्यावर मोडला. तेव्हा अलाइनमेंट, म्हणजे नियम-बेबंदी आणि चांगलं-वाईट यांत कॅरेक्टर कुठे बसतं हे सांगणारे शीटवरचे ते दोन शब्द, हा प्रकारच काढून टाकू का?

माझं उत्तर: काढू नका, पण आज ती जिथे ठेवलीय तिथे ठेवूही नका. नुसती काढून टाकलीत तर चोरी थांबणार नाही, तशीच ठेवलीत तर भांडण मिटणार नाही. या एका शब्दाखाली पन्नास वर्षांत तीन वेगळ्या गोष्टी येऊन बसल्या आहेत. कुणाच्या बाजूनं लढतोस ही एक. स्वभाव कसा आहे ही दुसरी. आणि कशाला बांधील आहेस ही तिसरी. तुमचा चोर स्वभावाबद्दल बोलतोय, पॅलाडिन बांधिलकीबद्दल बोलतोय, आणि दोघंही तोंडानं एकच शब्द म्हणतायत. मी सोळा वर्षं डीएम आहे. अलाइनमेंटवरून झालेली भांडणं आठवायला बसलो, तर जवळजवळ सगळी याच गोंधळापाशी येऊन थांबतात.

हे तीन अर्थ एकावर एक कसे चढले ते कळलं की पुढचं सोपं होतं, म्हणून थोडा मागे जातो.

या खेळाचं मूळ युद्धखेळात आहे. १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी चेनमेल हे नियमपुस्तक काढलं. टेबलावर छोटे छोटे सैनिक मांडायचे आणि मध्ययुगीन लढाया लढायच्या. त्याला जादू आणि राक्षसांची एक पुरवणी होती. आता ड्रॅगन कुणाकडून लढणार, एल्फ कुणाकडून, ट्रोल कुणाकडून, हे ठरवायला यादी लागणारच. ती लॉ, न्यूट्रल, केऑस अशी केली. कल्पना पोल अँडरसन आणि मायकेल मूरकॉक यांच्या कथांतून आलेली: विश्वात नियम आणि बेबंदी या दोन शक्तींचं युद्ध चालू आहे, आणि ज्याला त्याला कुठल्या तरी छावणीत उभं राहावं लागतं.

१९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा डंजन्स अँड ड्रॅगन्स आला, तेव्हा हेच तीन रकाने त्यात आले. त्या यादीत युनिकॉर्न लॉच्या रकान्यात आहे, आणि माणूस मात्र तिन्ही रकान्यांत आहे. शिवाय प्रत्येक बाजूची स्वतःची भाषा होती. लॉवाल्यांची वेगळी, केऑसवाल्यांची वेगळी. आजचा प्लेअर हे ऐकून गोंधळतो, म्हणतो की चांगुलपणाची कधी भाषा असते का? पण ती स्वभावाची भाषा नव्हतीच. ती परवलीच्या शब्दासारखी होती. गडाच्या दरवाज्यावरचा पहारेकरी रात्री परवलीचा शब्द विचारतो तेव्हा तो येणाऱ्याचं शील तपासत नसतो, आपल्यातला आहे का एवढंच बघत असतो. बाजू म्हणून अलाइनमेंट साधी आहे, पक्की आहे, आणि तिच्यावरून टेबलावर भांडण होण्याचं फारसं कारण नाही.

मग १९७६च्या फेब्रुवारीत गायगॅक्सनं द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू या नियतकालिकात लेख लिहून लॉ-केऑसला दुसरा अक्ष जोडला, गुड आणि ईव्हिलचा. त्याचं म्हणणं रास्त होतं. नियम पाळणारा दुष्ट असू शकतो आणि नियम मोडणारा सज्जन असू शकतो, मग लॉ म्हणजेच चांगलं असं धरायचं कशाला? १९७७च्या बेसिक सेटमध्ये पाच अलाइनमेंट होत्या, आणि १९७८च्या अॅडव्हान्स्ड प्लेअर्स हँडबुकमध्ये आपल्या ओळखीच्या नऊ झाल्या. त्याच पुस्तकाच्या परिशिष्टात चक्क आलेख आहे: प्रत्येक कॅरेक्टर त्या चौकोनात नेमकं कुठे बसतं ते ठिपका देऊन दाखवायचं.

इथे बाजूचा स्वभाव झाला. आणि स्वभाव झाला तरी शिक्षा मात्र बाजू बदलणाऱ्या फितुराची राहिली. १९७९च्या डंजन मास्टर्स गाइडप्रमाणे अलाइनमेंट बदलली की कॅरेक्टरची एक पूर्ण लेव्हल जायची. महिनोन् महिने खेळून कमावलेली लेव्हल. आता विचार करा, छावणी सोडून शत्रूला मिळालेल्या सैनिकाला दंड करणं समजू शकतं. पण एखादा कठोर माणूस प्रवासात हळूहळू मऊ होत गेला, तर त्याला दंड कशाचा? गोष्टीत माणूस बदलतो तेव्हाच ती गोष्ट लक्षात राहते, आणि नियम सांगत होता की बदललास तर मागे ढकलू.

या गोंधळाचं सगळ्यात बोलकं उदाहरण १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत आहे. ट्रू न्यूट्रल म्हणजे काय हे समजावताना पुस्तक एका ड्रूइडचं (निसर्गपूजक पुरोहिताचं) उदाहरण देतं: तो जवळच्या सरदाराला मिळून नॉल नावाच्या तरसमुखी राक्षसांच्या टोळीविरुद्ध लढतो, आणि टोळी नामशेष व्हायला आली की लढाई सोडून देतो किंवा सरळ टोळीच्या बाजूला जातो, का तर समतोल राहावा. विश्वाच्या हिशोबात हे एक वेळ पटेल. पण काल आपल्या शेजारी लढलेला माणूस आज समोर उभा, आणि कारण काय तर पारडं बरोबर राहावं, असा सोबती मी प्रत्यक्षात कधी पाहिलेला नाही आणि टेबलावर कुणी टिकवलेलाही पाहिलेला नाही. बाजू आणि स्वभाव एकाच साच्यात कोंबले की असं होतं.

तुमच्या चोराच्या केऑटिक न्यूट्रलची बदनामीही त्याच पुस्तकातली. तिथे या अलाइनमेंटचं वर्णन वेडसर, अजिबात भरवसा नसलेला माणूस असं केलंय. त्यावरून एक पिढी शिकली की केऑटिक न्यूट्रल म्हणजे मनाला येईल ते करायचा परवाना. २०१४च्या पाचव्या आवृत्तीनं ते बरंच सौम्य केलं: असा माणूस स्वतःच्या लहरीनं चालतो आणि स्वातंत्र्य सगळ्यात वर मानतो. पण शिकवण नव्या प्लेअरपर्यंत पुस्तकातून कमी आणि जुन्या प्लेअरकडून जास्त पोचते, त्यामुळे परवाना अजून चालूच आहे.

तुमच्या चोराला एक दाखवा. २०१४च्याच पुस्तकात क्रिमिनल ही पार्श्वभूमी आहे. बहुतेक त्यानं तीच घेतली असेल. तिच्यातल्या आदर्शांच्या तक्त्यात एक आदर्श असा आहे की आपल्या धंद्यातल्या माणसाकडे मी चोरी करत नाही, आणि दुसरा असा की माझी निष्ठा तत्त्वांशी नाही, माझ्या मित्रांशी आहे. म्हणजे ज्यांनी चोराचं कॅरेक्टर लिहिलं त्यांनाही सोबत्यांना न लुटणारा चोर सहज सुचला होता. ‘माझं कॅरेक्टरच तसं आहे’ हे म्हणून चालत नाही, कारण ते कॅरेक्टर त्यानंच लिहिलंय. पेन त्याच्याच हातात आहे.

आता पॅलाडिनकडे येतो. मला स्वतःला हा विषय जास्त जवळचा, कारण डीएम म्हणून माझी सगळ्यात मोठी चूक पॅलाडिनच्या बाबतीतच झाली.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्यात एका मैत्रिणीच्या घरी दर दुसऱ्या रविवारी खेळायचो. पार्टीनं, म्हणजे आमच्या कॅरेक्टरांच्या टोळीनं, एका जुन्या खाणीच्या तोंडाशी दरोडेखोरांचा एक पहारेकरी पकडला होता. पॅलाडिन खेळणारी मैत्रीण पुढे झाली आणि तिच्या कॅरेक्टरच्या आवाजात म्हणाली, ‘खरं सांगितलंस तर तुझ्या जिवाला धक्का लागणार नाही.’ पहारेकऱ्यानं सगळं सांगितलं. मागची वाट कुठे, सापळे कुठे, आत किती जण. तो बोलायचा थांबला आणि चोर खेळणारा मित्र म्हणाला, ‘शब्द तिनं दिला. मी नाही दिला. मी सुरा काढतो.’

वाक्य चोख होतं. टेबलावर सगळे गप्प झाले. खेळात अशी शांतता फार क्वचित येते, आणि आली की डीएमनं तिला हात लावायचा नसतो. मी लावला. पॅलाडिन खेळणारीकडे वळून म्हणालो, ‘तू लॉफुल गुड आहेस. तुला हे थांबवावंच लागेल, नाहीतर तुझ्या शक्ती जातील.’

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मला म्हणाली, ‘मग तूच खेळ ना माझं कॅरेक्टर.’

पुढची वीस-पंचवीस मिनिटं आम्ही लॉफुल गुडची व्याख्या करत होतो. पुस्तकं निघाली, फोनवर शोधाशोध झाली. पहारेकरी, सुरा, दिलेला शब्द, सगळं विसरलं गेलं. शेवटी तिनंच मला सांगितलं की तू जे विचारायला हवं होतंस ते विचारलंच नाहीस. मी माफी मागितली, प्रसंग पुन्हा त्या वाक्यापाशी नेला आणि एवढंच विचारलं, ‘त्यानं सुरा काढलाय. तू काय करतेस?’

ती म्हणाली, ‘मी दोघांच्या मधे उभी राहते. तलवार काढत नाही.’

चोर खेळणाऱ्यानं थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘मी सुरा म्यान करतो. पण याची आठवण ठेवीन.’ त्या दिवशी घरी जाण्याआधी तिनं कॅरेक्टर शीटवर लॉफुल गुड खोडलं आणि त्याच जागी पेन्सिलीनं लिहिलं: ‘मी दिलेला शब्द माझ्या सोबत्यांनाही लागू आहे.’ पुढचं वर्षभर त्या एका ओळीनं आम्हाला इतके प्रसंग दिले की अख्ख्या नऊ चौकटींनी मिळून कधी दिले नव्हते. कारण ती ओळ खरोखर मोडता येण्यासारखी होती. ‘लॉफुल गुड’ मोडलं की नाही यावर वाद घालता येतो. ‘सोबत्यानं शरणागताला मारलं आणि तू बघत राहिलीस’ यावर वाद होत नाही.

अशी बांधिलकी हाच पॅलाडिनचा खरा प्रकार आहे. त्याला स्वभाव नसतो असं नाही, पण त्याचं वेगळेपण व्रतात आहे. १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीत पॅलाडिन आला तेव्हापासून त्याच्यावर लॉफुल असण्याची अट होती. १९७८च्या पुस्तकात हे फार कडक केलं: जाणूनबुजून केऑटिक कृत्य केलं तर वरच्या लेव्हलच्या धर्मगुरूकडे कबुली द्यायची आणि प्रायश्चित्त घ्यायचं, जाणूनबुजून ईव्हिल कृत्य केलं तर पॅलाडिनपण कायमचं गेलं, परतीची वाट नाही. प्रायश्चित्ताची कल्पना मला अजूनही सुंदर वाटते, कारण तिथे खेळायला काहीतरी आहे: कुणाकडे जायचं, काय कबूल करायचं, काय भोगायचं. कायमचं जाणं मात्र दार बंद करून टाकतं. २०१४पासून पॅलाडिनला अलाइनमेंटची अटच राहिली नाही, त्याच्या जागी शपथ आली आणि तीही वेगवेगळ्या प्रकारची. सूडाची शपथ घेतलेला पॅलाडिन आणि निष्ठेची शपथ घेतलेला पॅलाडिन एकाच शरणागताकडे वेगळ्या नजरेनं पाहतील. या बदलाला जुने लोक नाकं मुरडतात. माझ्या मते पॅलाडिनच्या इतिहासातला हा सगळ्यात शहाणा बदल.

आपल्याकडे हे समजावून सांगायला एक उदाहरण हाताशीच आहे. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालायचा, तो कधी खोटं बोलला नव्हता म्हणून. द्रोणांना ‘अश्वत्थामा गेला’ हे मोठ्यानं सांगून ‘नरो वा कुंजरो वा’ पुटपुटला, आणि रथ खाली टेकला. मी नव्या डीएमना नेहमी सांगतो की या प्रसंगाकडे नियम म्हणून बघा. युधिष्ठिराला कुणी आधी अडवलं नाही की तू धर्मराज आहेस, तुला हे बोलता येणार नाही. तो बोलला, ते त्याचंच होतं. परिणाम जगात दिसला, सगळ्यांना दिसला, आणि त्या एका कृत्याच्या मापाचाच होता. त्याचं धर्मराजपण काढून घेतलं नाही, रथ फक्त इतरांच्या रथांसारखा जमिनीवरून चालू लागला. डीएमनं परिणाम असा द्यावा.

परिणाम देण्याच्या वाटा इतर खेळांनी बऱ्याच शोधल्या आहेत, आणि तुम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्सच खेळणार असलात तरी दोन-तीन माहीत असलेल्या बऱ्या.

त्यातला सगळ्यात श्रीमंत नमुना ग्रेग स्टॅफर्डच्या पेंड्रॅगनचा, १९८५चा. आर्थर राजाच्या दरबारातल्या सरदारांचा खेळ. तिथे स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत: दयाळू आणि क्रूर, उदार आणि स्वार्थी, विनम्र आणि गर्विष्ठ, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दया १६ असेल तर क्रौर्य ४. एरवी तुम्ही तुमच्या मनानं खेळता. पण एखादा गुण १६ किंवा त्याच्या वर गेला की कसोटीच्या क्षणी फासा टाकावा लागतो. समजा, ज्यानं तुमच्या भावाला मारलं तो सरदार गुडघे टेकून अभय मागतोय. तुमची दया १६. वीस बाजूंचा फासा टाकला, १६ किंवा कमी पडलं, तर तुम्ही त्याला सोडता, मनात काहीही असो. जास्त पडलं तर उलट्या बाजूचा फासा टाकायचा. क्रौर्याच्या ४मध्ये पडलं तर तलवार चालते. दोन्ही चुकले तर निवड तुमची.

वाचताना वाटतं की हे प्लेअरचं स्वातंत्र्य काढून घेणं झालं. खेळताना तसं वाटत नाही, कारण तो आकडा तुम्हीच वाढवलेला असतो. प्रत्येक वेळी कुणाला सोडलंत तेव्हा त्या गुणासमोर खूण होत गेली, हिवाळा आला की खूण असलेल्या गुणाचा फासा टाकायचा, आणि असलेल्या आकड्यापेक्षा जास्त पडलं तर गुण एकानं वाढतो. म्हणजे गुण जितका मोठा तितका तो वाढणं अवघड, हे माणसासारखंच आहे. वर्षानुवर्षं दया करत गेलेल्या माणसाला एक दिवस क्रूर होता येत नाही, हे त्या फाशात दिसतं. इथे स्वभाव आधी लिहून मग पाळायचा नाही. आधी वागायचं, मग वागण्यातून तो कागदावर उमटतो. आणि सद्गुणाला मोलही आहे: जुन्या आवृत्त्यांत सहा ठरावीक गुणांची बेरीज ८०पर्यंत नेली तर सरदाराला लढाईत वेगळं संरक्षण मिळतं. मी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कॅम्पेनमध्ये या तेरापैकी तीनच जोड्या उसन्या घेतल्या होत्या. तेवढ्या पुरल्या.

व्हॅम्पायर द मास्करेड, १९९१चा, नीतीला उतरत्या जिन्यासारखं मांडतो. माणुसकीचा आकडा, आणि पापं केलीत की तो घसरतो. शून्यावर कॅरेक्टर प्लेअरच्या हातातून जातं. २०१८च्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी एक फार कामाची गोष्ट केली: या कथेत कुठल्या गोष्टी पाप धरायच्या हे टेबलावरचे सगळे मिळून आधी ठरवतात. ही कल्पना कुठल्याही खेळात चालते. डंजन वर्ल्ड, २०१२चा, उलटा जातो. तिथे अलाइनमेंट म्हणजे एक ठोस कृती, उदाहरणार्थ दुबळ्याचं रक्षण करायला स्वतःचा जीव धोक्यात घालणं. ती केलीत की सेशनच्या शेवटी थोडा अनुभव (लेव्हल वाढवणारे गुण) मिळतो, नाही केलीत तर काही जात नाही. शिक्षा नाहीच, फक्त बक्षीस. पाथफाइंडरनं २०२३च्या नव्या मांडणीत अलाइनमेंट काढलीच. त्यामागे परवान्याचं कारण मोठं होतं, त्यांना डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या मालकीच्या कल्पनांपासून दूर व्हायचं होतं. पण त्या जागी आणलेली कर्तव्यं आणि निषिद्धं, म्हणजे काय करायचंच आणि काय कधीच करायचं नाही, ही जोडी अलाइनमेंटपेक्षा जास्त खेळण्यासारखी आहे.

एक गोष्ट राक्षसांबद्दल, कारण ती तुमच्या टेबलावर येणार आहेच. ‘गॉब्लिन ईव्हिल असतात, म्हणजे मारले तरी चालतात’ हे वाक्य कुणीतरी म्हणेल. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत राक्षसांच्या अलाइनमेंटपुढे नेहमी, सहसा, बहुधा असे शब्द लावलेले होते. पुढे ते गेले, आणि २०२१च्या सुमारास ‘सहसा’ पुन्हा परतलं. माझं मत स्पष्ट आहे: नरकातला सैतान ईव्हिल आहे, कारण तो त्या बाजूचाच बनलेला आहे. तिथे अलाइनमेंट पुन्हा १९७४सारखी छावणी होते आणि ठीक बसते. गॉब्लिन हा जन्मलेला, वाढलेला, भूक लागणारा जीव आहे. त्याला बाजू असते, ती त्याच्या सरदारानं ठरवलेली असते, आणि म्हणून ती बदलू शकते. पाचव्या आवृत्तीत ईव्हिल ओळखायचा जो मंत्र आहे, तोही माणसाच्या किंवा गॉब्लिनच्या मनातलं काही सांगत नाही. सैतान, देवदूत, भुतं अशा परलोकी जिवांची चाहूल तेवढी देतो. मला हे फार योग्य वाटतं. समोरच्या माणसाची नीती मंत्रानं कळायला लागली तर चौकशी, संशय, विश्वास, फसवणूक, सगळंच संपलं.

तर आता तुमच्या टेबलासाठी.

सगळ्यात आधी, सोबत्यांच्या पिशवीतली चोरी हा अलाइनमेंटचा प्रश्नच नाही. तो पाच मित्रांचा प्रश्न आहे. ज्याचं सोनं गेलं त्या प्लेअरला ते आवडलं का? त्याला विचारलंत का? मी असे दोन ग्रुप पाहिलेत जिथे पार्टीतल्या चोऱ्या सगळ्यांना हव्या होत्या, सगळे त्याची मजा घेत होते. आणि असे बरेच पाहिलेत जिथे एकाला मजा येत होती आणि बाकीचे चार गप्प बसून सहन करत होते. हे बोलणं सेशनच्या बाहेर करा, चहा पिताना करा, आणि कॅरेक्टरच्या नावानं करू नका, माणसाच्या नावानं करा. चोर खेळणाऱ्याला एकट्याला गाठून झापू नका. बहुतेक वेळा त्याला खेळात काहीतरी करायला हवं असतं आणि तुम्ही चार सेशनमध्ये त्याला चोरण्यासारखं दुसरं काही दिलेलं नसतं. त्याला एखादा सावकाराचा वाडा द्या. कुलपं द्या, पहारे द्या, आणि बाकीच्यांना त्याची गरज पडेल असं काहीतरी आत ठेवा.

मग पाचही जणांना त्या दोन शब्दांच्या जागी प्रत्येकी दोन वाक्यं लिहायला सांगा. एक, हे मी कधीच करणार नाही. दुसरं, हे समोर आलं की मला राहवत नाही. वाक्य असं हवं की ते मोडलं का हे टेबलावरच्या कुणालाही सांगता यावं. ‘मी न्यायानं वागतो’ चालणार नाही. ‘शरण आलेल्यावर मी हत्यार चालवत नाही’ चालेल. चोरासाठी ‘ज्यानं माझ्यासोबत भाकर वाटून खाल्ली त्याच्या पिशवीला मी हात लावत नाही’ आणि ‘बंद कुलूप उघडल्याशिवाय मला झोप येत नाही’ अशी दोन असली तर तोच माणूस, तेवढाच बेबंद, पण पार्टीत राहण्याजोगा. वाक्यं त्यालाच लिहू द्या, तुम्ही सुचवू नका. फार अडलं तरच.

पॅलाडिनला एक जास्तीचं विचारा: तुझं व्रत तुझ्यापुरतं आहे की सोबत्यांनीही ते पाळावं असं तुला वाटतं? तो प्रत्येक बेतात आडवा येतोय याचं कारण त्याला स्वतःलाच हे माहीत नसावं असा माझा अंदाज आहे. व्रत स्वतःपुरतं असेल तर चोरानं कुलूप फोडलं म्हणून त्याचं काही बिघडत नाही, त्यानं फक्त स्वतः फोडायचं नाही. सगळ्यांसाठी असेल तर ते त्यानं पार्टीत येतानाच सांगायला हवं होतं, आणि बाकीच्यांनी त्याच्याबरोबर जायचं की नाही हे ठरवायला हवं होतं. हे संभाषण कॅरेक्टरच्या आवाजात, शेकोटीभोवती, खेळातच होऊ द्या. चांगला प्रसंग होईल.

आणि तुमच्यासाठी एकच बंधन. ‘तुझं कॅरेक्टर असं करणार नाही’ हे वाक्य डीएमनं उच्चारायचं नाही. कुणी स्वतःच्या लिहिलेल्या वाक्याविरुद्ध जायला निघालं तर परिणाम आधी सांगा: ‘गावकऱ्यांनी हे पाहिलं तर तुला इथे पुन्हा आसरा मिळणार नाही, माहीत आहे ना?’ आणि मग विचारा, नक्की? हो म्हणाला तर होऊ द्या. पुढे गावकऱ्यांनी खरंच दार लावून घ्यायला हवं, नाहीतर तुमच्या सांगण्याला पुढच्या वेळी अर्थ राहणार नाही. वाक्य मोडलं, आणि प्लेअरला वाटलं की कॅरेक्टर आता बदललंय, तर त्याला वाक्य खोडून नवं लिहू द्या. लेव्हल कापू नका, अनुभव कापू नका.

नऊ चौकटींचा तक्ता पुस्तकात राहू द्या. सैतान, देवदूत, शापित तलवारी, मेल्यावर आत्मा कुठल्या लोकात जातो, या सगळ्याला तो लागतो आणि तिथे तो छान चालतो. नव्या प्लेअरला पहिल्या दिवशी कॅरेक्टरचा अंदाज यावा म्हणून शीटवर दोन शब्द लिहिले तरी हरकत नाही. तिसऱ्या सेशननंतर त्यांच्याकडे बघू नका म्हणजे झालं.

राहिलं ते आधीच चोरलेलं सोनं. ते ‘झालंच नाही’ असं म्हणून पुसू नका, चार सेशनच्या खेळाचा तो अपमान होईल. चोर खेळणाऱ्याला विचारा की हे उघडकीला कसं यावं असं तुला वाटतं: तू स्वतः कबूल करतोस, पॅलाडिन पकडतो, की गावातला सोनार नाण्यांवरचा शिक्का ओळखतो? त्याला निवडू द्या, आणि पुढचं सेशन तिथून सुरू करा.